मालकाच्या मृत्यूदिनी थांबवलेले घर : लंडनमधील जॉन सोन यांच्या निवासस्थानाचा प्रकरण अभ्यास

लंडनच्या मध्यभागी लिंकन्स इन फील्ड्स नावाचा विस्तीर्ण चौक आहे. त्याच्या उत्तरेकडील घरांच्या रांगेत क्रमांक १३ चे घर चटकन नजरेत भरते, कारण दोन्ही बाजूंची घरे विटांची असताना याचा दर्शनी भाग पोर्टलंड दगडाचा आहे आणि तो रांगेच्या रेषेबाहेर पुढे आलेला आहे. वास्तुविशारद सर जॉन सोन (१७५३–१८३७) यांनी हे घर स्वतःसाठी बांधले, आयुष्याची शेवटची २४ वर्षे ते त्यात राहिले, आणि ते हयात असतानाच, १८३३ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने केवळ या एका घरासाठी स्वतंत्र कायदा संमत केला. सोन यांच्या मृत्यूनंतर घर आणि त्यातील संग्रह विश्वस्तांकडे जावा, कलेच्या विद्यार्थ्यांना व जाणकारांना तो विनामूल्य पाहता यावा, आणि सोन ज्या स्थितीत घर सोडून जातील त्याच स्थितीत ते शक्य असेल तितके राखले जावे, असा त्या कायद्याचा आशय होता.

‘शक्य असेल तितके’ या शब्दांतच या प्रकरणाची सगळी अडचण साठलेली आहे. ज्या माणसाने हे घर एका स्थितीत गोठवण्याचा कायदा करवून घेतला, त्याने स्वतः ते घर कधीही एका स्थितीत राहू दिले नव्हते. १७९२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे ४५ वर्षे, तो भिंती पाडत होता, छते उघडत होता, मूर्ती एका कोनाड्यातून दुसऱ्या कोनाड्यात हलवत होता. अशा घराची ‘मूळ स्थिती’ कोणती मानायची, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक अभिरक्षकासमोर, म्हणजे घराची देखरेख पाहणाऱ्या प्रमुखासमोर, उभा राहिला. त्याचे उत्तर समजण्यासाठी घर कसे घडले ते आधी नीट पाहावे लागते.

सोन यांचे वडील गवंडी होते. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग मुळात एका अक्षराने लहान होते. १७८४ मध्ये विवाह झाल्यावर त्यांनी शेवटी एक अक्षर जोडून घेतले. त्यांनी आधी जॉर्ज डान्स (धाकटे) आणि नंतर हेन्री हॉलंड यांच्या हाताखाली काम शिकले, रॉयल अकॅडमीच्या शाळेत १७७६ चे सुवर्णपदक मिळवले आणि शिष्यवृत्तीवर इटलीचा प्रवास केला. १७८८ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या वास्तुविशारदपदी त्यांची नेमणूक झाली आणि १८३३ पर्यंत, ४५ वर्षे, ते पद त्यांच्याकडे राहिले. पत्नी एलिझाबेथ ही जॉर्ज वायट या धनवान बांधकाम व्यावसायिकाची पुतणी होती. १७९० मध्ये वायट वारल्यावर आलेल्या वारशामुळे सोन दांपत्याला लंडनमध्ये स्वतःचे घर घेणे शक्य झाले. १७९२ मध्ये त्यांनी याच चौकातील क्रमांक १२ विकत घेतला, जुने घर पाडले आणि नवे बांधले. बाहेरून पाहिले तर हे विटांचे साधे, नेटके घर होते. आत मात्र न्याहारीच्या खोलीच्या छतावर वेलींच्या मांडवाचा भास देणारे रंगकाम करून घेतले होते, आणि पुढे जे होणार होते त्याची पहिली चाहूल तेथेच लागते.

लंडनच्या रांगेतील घराची रचना ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडे थांबायला हवे. असे घर दोन्ही बाजूंच्या घरांना भिंतीने जोडलेले असते आणि त्या सामाईक भिंतींत खिडकी काढता येत नाही. उजेड मिळतो तो फक्त पुढून आणि मागून. भूखंड जितका खोल, तितका मधला भाग अंधारा. महाराष्ट्रातल्या वाड्याने हाच प्रश्न मध्ये चौक ठेवून सोडवला, त्यामुळे चारही बाजूंच्या ओसऱ्यांना आकाश मिळते. लंडनच्या घरांमागे सहसा लहानसे मोकळे अंगण आणि त्यामागे गल्लीच्या तोंडाला घोड्यांचे तबेले असत. सोन यांनी आधी क्रमांक १२ मागची आणि नंतर क्रमांक १३ मागची तबेल्याची जागा बांधकामाखाली आणली, पण त्या बदल्यात अंधार पदरात घेतला नाही. छतातून उजेड उतरवण्याचे जितके मार्ग त्यांना सुचले तितके त्यांनी या एका घरात वापरून पाहिले. माझ्या मते या वास्तूचे खरे सामर्थ्य तिच्या संग्रहापेक्षाही उजेडाच्या या हाताळणीत आहे, आणि म्हणूनच तिच्या जतनाचा प्रश्न वस्तू जपण्याइतका सोपा नाही.

शेजारचा क्रमांक १३ सोन यांनी १८०७ मध्ये घेतला. लगेच त्यांनी फक्त मागचा भाग पाडून तेथे आपले कार्यालय आणि प्लास्टरच्या प्रतिकृतींसाठी एक उंच दालन बांधले (१८०८–०९). या घाईला एक कारण होते. १८०६ मध्ये ते रॉयल अकॅडमीत वास्तुकलेचे प्राध्यापक झाले होते, आणि नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्लंडच्या विद्यार्थ्यांना इटलीला जाऊन रोमन अवशेष पाहणे अशक्य झाले होते. जे रोममध्ये पाहायचे ते लंडनच्या घरात आणून दाखवायचे, असे सोन यांनी ठरवले. व्याख्यानाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी ते विद्यार्थ्यांसाठी घर खुले ठेवत. हे दालन आज ‘डोम’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या माथ्यावर काचेचा झरोका आहे, मध्यभागाची जमीन खुली ठेवलेली आहे आणि त्यामुळे उजेड तळघरापर्यंत पोचतो. भिंतींवर रोमन स्तंभांची शीर्षे, कोरीव पट्टिका, अस्थिकलश आणि अर्धपुतळे इतके दाटीने बसवलेले आहेत की भिंत म्हणून काही उरतच नाही. पूर्वेच्या बाजूला अपोलो बेल्व्हेडियर या अपोलो देवाच्या प्राचीन मूर्तीची भव्य प्रतिकृती उभी आहे.

दर्शनी भाग १८१२ मध्ये बांधायला घेतला आणि तेथे वादाला तोंड फुटले. लंडनमधील बांधकामे १७७४ च्या कायद्याने बांधलेली होती. आगीचा धोका टाळण्यासाठी आणि रस्त्याची रेषा सरळ राहण्यासाठी घराच्या पुढे काय आणि किती काढता येईल यावर त्यात निर्बंध होते. सोन यांनी तळमजल्यापासून वरपर्यंत कमानींची एक दगडी सज्जासारखी रचना पुढे काढली, तेव्हा त्या भागाचे सर्वेक्षक विल्यम किनर्ड यांनी ती बेकायदा असल्याची हरकत घेतली. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गेले. हे बांधकाम आपल्या स्वतःच्या जमिनीच्या हद्दीतच आहे, असे सोन यांचे म्हणणे होते, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या दर्शनी भागावर एथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिरातील स्त्रीमूर्तींच्या दोन प्रतिकृती आहेत, त्या कोड स्टोन नावाच्या भट्टीत भाजून घडवलेल्या कृत्रिम दगडाच्या आहेत. आणि त्यांच्या जोडीला वेस्टमिन्स्टर हॉलवरून उतरवलेले चौदाव्या शतकातील खरे गॉथिक दगडी ब्रॅकेट बसवलेले आहेत. ग्रीक मूर्ती आणि गॉथिक ब्रॅकेट एकाच दगडी पडद्यावर लावण्याचे धाडस त्या काळच्या लंडनला मानवणारे नव्हते. कमानी मुळात उघड्या होत्या; पुढे सोन यांनीच त्यांना काचा लावून ती जागा खोल्यांत सामावून घेतली. मूळ स्थितीचा शोध घेणाऱ्याला हा पहिला धडा मिळतो, कारण ज्या उघड्या सज्जासाठी ते कोर्टात लढले तो सज्जा त्यांनी स्वतःच बंद केला.

आता आत यावे. रस्त्याकडच्या तळमजल्यावर ग्रंथालय आणि भोजनकक्ष मिळून एक मोठे दालन आहे, त्याचा रंग पाँपेई या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन नगराच्या भिंतींची आठवण करून देणारा गडद लाल. पुस्तकांच्या कपाटांच्या वर आणि छताच्या खाली आरशांची पट्टी आहे. खाली उभे राहून पाहिले तर छत कपाटांच्या पलीकडे पुढे जात आहे, आणि पलीकडे आणखी एक खोली आहे, असे वाटते. चुलीच्या वर टॉमस लॉरेन्स यांनी रंगवलेले सोन यांचे व्यक्तिचित्र आहे. या दालनातून मागे जाण्यासाठी एक अभ्यासिका आणि एक कपडे करण्याची खोली ओलांडावी लागते. दोन्ही खोल्या इतक्या अरुंद आहेत की त्यांना वाट म्हणणेच योग्य ठरेल, पण त्यांच्या दोन्ही अंगांना छोटी अंगणे असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून त्या उजळलेल्या असतात. अभ्यासिकेच्या भिंती रोममधून आणलेल्या संगमरवरी तुकड्यांनी भरल्या आहेत. त्यातील एका अंगणात सोन यांनी वेगवेगळ्या शैलींचे वास्तुखंड एकमेकांवर रचून एक उंच स्तंभ उभारला होता. त्याकडे पुढे परत यायचे आहे.

न्याहारीची खोली हे या घराचे हृदय आहे, असे मला वाटते. खोली लहान आहे. तिच्यावर एक उथळ घुमट आहे, तो भिंतींवर टेकत नाही. चार कोपऱ्यांतल्या सडपातळ आधारांवरून तो रुमाल उभारावा तसा उचलला गेला आहे, आणि घुमटाची कड व उत्तर-दक्षिण भिंती यांच्यामध्ये मोकळी पट्टी सोडली आहे. त्या पट्टीवर, खालून न दिसणाऱ्या उंचीवर, काचेचे झरोके आहेत. त्यातून आलेला उजेड भिंतीवरून ओघळत खाली येतो आणि घुमट त्या उजेडात तरंगत असल्यासारखा भासतो. घुमटाच्या माथ्यावर रंगीत काचांचा, कंदिलाच्या आकाराचा छोटा झरोका आहे. कोपऱ्यांत आणि कमानींच्या खालच्या अंगाला लहान बहिर्गोल आरसे बसवले आहेत, प्रत्येकात अख्खी खोली बोराएवढी होऊन दिसते. माणूस हलला की शंभर ठिकाणी हालचाल होते. अनेक झरोक्यांना पिवळी काच आहे. लंडनच्या करड्या, ढगाळ दिवसातही आतला उजेड उन्हाळी वाटावा, म्हणजे इटलीच्या उन्हाची आठवण राहावी, हा तिचा हेतू. सोन याला फ्रेंच वास्तुलेखकांकडून घेतलेल्या शब्दांत ‘गूढ प्रकाश’ म्हणत.

एलिझाबेथ सोन या घरात फार काळ राहिल्या नाहीत. दोन मुलगे वाचले होते, जॉन आणि जॉर्ज. त्यांनी वास्तुविशारद व्हावे यासाठी सोन यांनी ईलिंग येथे पिट्सहँगर मॅनर ही दुसरी वास्तूही घेतली होती, आणि आशा मावळल्यावर १८१० मध्ये ती विकून टाकली. १८१५ च्या सप्टेंबरमध्ये ‘द चॅम्पियन’ या साप्ताहिकात इंग्लंडमधील वास्तुकलेच्या दुरवस्थेवर दोन निनावी लेख आले आणि त्यांत सोन यांच्या कामाची जहरी निंदा होती. लेखक जॉर्ज होता. आजारी असलेल्या आईला हे कळले तेव्हा हा आपल्यावरचा प्राणघातक घाव आहे असे ती म्हणाली, आणि २२ नोव्हेंबर १८१५ रोजी तिचे निधन झाले. सोन यांनी ते लेख चौकटीत बसवून घरात टांगले आणि त्यावर ‘जॉर्ज सोनने दिलेले प्राणघातक घाव’ अशा अर्थाचा मथळा लिहिला. सेंट पँक्रसच्या जुन्या दफनभूमीत त्यांनी पत्नीसाठी उथळ घुमटाची समाधी बांधली. पुढे, १९२४ मध्ये, वास्तुविशारद जाईल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनच्या लाल टेलिफोन खोक्याचा आराखडा केला तेव्हा त्याचा माथा याच समाधीवरून सुचला, असे मानले जाते. स्कॉट त्या वेळी सोन संग्रहालयाचे विश्वस्त होते.

१८२३ मध्ये थोरला मुलगा जॉन वारला. त्याच वर्षी सोन यांनी क्रमांक १४ घेतला, त्याचा मागचा भाग आपल्या संग्रहालयाला जोडला आणि पुढचा भाग क्रमांक १२ सारखा विटांचा बांधून भाड्याने दिला, म्हणजे मध्यभागी दगडी आणि दोन्ही बाजूंना सारखी विटांची अशी तीन घरांची जोडी पूर्ण झाली. मागच्या भागात त्यांनी चित्रदालन केले. ते सुमारे १४ फूट लांब, १२ फूट रुंद आणि साडेएकोणीस फूट उंच, म्हणजे आपल्याकडच्या सदनिकेतल्या एका खोलीएवढे आहे, पण त्यात शंभरावर चित्रे बसतात, कारण त्याच्या भिंती म्हणजे बिजागऱ्यांवर उघडणाऱ्या मोठ्या फळ्या आहेत. फळ्यांच्या दोन्ही अंगांना चित्रे आहेत आणि त्यांच्या मागे आणखी चित्रे आहेत. ४५ फूट लांब आणि २० फूट रुंद दालनाला पुरतील इतकी चित्रे आपण येथे लावली, असे सोन यांनी स्वतः नोंदवले आहे. विल्यम हॉगार्थ यांच्या ‘अ रेक्स प्रोग्रेस’ या मालिकेतील आठही चित्रे येथे आहेत. ती १८०२ मध्ये ५७० गिनींना (गिनी हे जुने इंग्रजी नाणे) घेतलेली होती. दक्षिणेच्या फळ्या उघडल्या की शेवटी चित्र नसते, रिकामी पोकळी समोर येते, तिच्यात एका अप्सरेची मूर्ती आणि बँकेच्या इमारतीची प्रतिकृती दिसते, आणि नजर खालच्या मजल्यापर्यंत उतरते. आपण बघत असलेली भिंत भिंत नव्हतीच, हे पाहणाऱ्याला तेव्हा कळते.

१८२४ मध्ये सोन यांनी आपल्या संग्रहातील सर्वांत मोठी वस्तू घेतली. इजिप्तच्या राजांच्या खोऱ्यातील सेती पहिला याची कबर १८१७ मध्ये जोव्हानी बेल्झोनी यांनी शोधून काढली होती. तिच्यातील पारदर्शक वाटावी अशा दगडाची शवपेटी ब्रिटिश म्युझियमने २,००० पौंडांना घेण्यास नकार दिल्यावर सोन यांनी ती त्याच किमतीला घेतली. नऊ फुटांहून लांब असलेली ही पेटी आत आणण्यासाठी घराच्या मागच्या भिंतीचा भाग तोडावा लागला. १८२५ च्या मार्चमध्ये सोन यांनी तीन संध्याकाळी मेजवानी दिली, शेकडो दिवे लावून तळघर उजळले आणि शवपेटीच्या आतही दिवा ठेवला. सुमारे ९०० पाहुणे येऊन गेले, त्यांत चित्रकार टर्नर आणि कवी कोलरिज होते. दगडातून झिरपणारा तो मंद उजेड पाहणे हाच त्या संध्याकाळचा कार्यक्रम होता.

कायद्याकडे येऊ. इंग्लिश वारसा हक्कानुसार घर आणि मालमत्ता जॉर्जकडे जाण्याची शक्यता होती आणि सोन यांना ते मान्य नव्हते. म्हणून मृत्युपत्रावर विसंबून न राहता त्यांनी पार्लमेंटचा खासगी कायदा मागितला, कारण मृत्युपत्र न्यायालयात आव्हानता येते, कायदा तसा आव्हानता येत नाही. खासदार विल्यम कॉबेट यांनी जॉर्जची बाजू घेत मुलाला वंचित करण्याला विरोध केला, तरी २० एप्रिल १८३३ रोजी कायदा झाला. अभिरक्षक वास्तुविशारद असावा आणि घर एप्रिल, मे, जून या महिन्यांत आठवड्यातून किमान दोन दिवस खुले असावे, अशा अटी होत्या. देखभालीसाठी सोन यांनी मोठी रक्कम ठेवली. क्रमांक १२ भाड्याने देऊन त्याचे उत्पन्न संग्रहालयाला मिळणार होते. क्रमांक १४ मात्र कुटुंबाकडे गेला. शिवाय त्यांनी तीन बंदिस्त कप्पे मोहोरबंद करून ठेवले, ते १८६६, १८८६ आणि १८९६ या वर्षांच्या २२ नोव्हेंबरला, म्हणजे पत्नीच्या स्मृतिदिनी उघडायचे होते. तेथे खजिना मिळेल असे वाटणाऱ्यांची निराशा झाली. आत मुख्यतः जुने घरगुती कागद होते. २० जानेवारी १८३७ रोजी सोन वारले आणि कायदा लागू झाला.

येथून घराचे दुसरे आयुष्य सुरू होते, आणि तेच या प्रकरणातील शिकण्यासारखे भाग दाखवते. अभिरक्षकांनाही राहायला जागा हवी होती, म्हणून दुसऱ्या मजल्यावरील सोन यांच्या खासगी खोल्या मोकळ्या करून निवासासाठी घेतल्या गेल्या आणि १८५० नंतर दीड शतकाहून अधिक काळ पाहुण्यांसाठी बंद राहिल्या. १८७८ ते १८९२ अभिरक्षक असलेल्या जेम्स वाइल्ड यांनी क्रमांक १२ च्या मागे नवे चित्रदालन बांधले आणि दोन्ही घरांमध्ये वाटा काढल्या. कायद्याच्या मजकुराला हे सरळ छेद देणारे होते, पण गर्दी वाढली होती आणि चित्रांना जागा हवी होती. ‘शक्य असेल तितके’ या शब्दांचा आधार घेता येत होता. अंगणातला वास्तुखंडांचा तो उंच स्तंभ धोकादायक झाल्याने १८९६ मध्ये उतरवण्यात आला. टिव्होली नावाचा एक कोनाडा, जेथे सोन यांनी समकालीन शिल्पे मांडली होती, पुढे शौचालय झाला. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांनी झरोक्यांच्या काचा फोडल्या आणि पिवळ्या काचांऐवजी साध्या काचा बसल्या. वस्तू बहुतेक सगळ्या तशाच होत्या, पण उजेड बदलला होता. पाहणाऱ्याला एखादी मूर्ती हरवलेली कळते. काचेचा रंग बदलून खोलीचा स्वभाव बदललेला सहज कळत नाही. माझ्या दृष्टीने ही हानी मूर्तींच्या हानीपेक्षा मोठी होती.

याच काळात दुसरीकडे एक घटना घडत होती, आणि तिच्यामुळे या घराचे मोल वाढले. १९२५ पासून हर्बर्ट बेकर, जे नव्या दिल्लीच्या उभारणीत लट्येन्स यांचे सहकारी होते, त्यांनी बँक ऑफ इंग्लंडची पुनर्बांधणी हाती घेतली आणि सोन यांनी ४५ वर्षे घडवलेली बहुतेक दालने पाडली गेली. बाहेरची भिंत मागे राहिली. छतातून उतरणाऱ्या उजेडाची जी तंत्रे सोन यांनी बँकेच्या दालनांत मोठ्या प्रमाणावर वापरली होती, ती एकाच ठिकाणी पाहायची तर आता हे घरच उरले. घर हे बँकेच्या कामाची प्रयोगशाळा होते असे म्हणता येईल. इमारत गेली आणि प्रयोगशाळा टिकली.

१९४५ ते १९८४ जॉन समरसन अभिरक्षक होते. संग्रहालयाला सरकारी साहाय्य मिळून ते आर्थिक दृष्ट्या सावरले ते त्यांच्या काळात. त्यांच्यानंतरच्या अभिरक्षकांनी मात्र काम दुरुस्तीपुरते न ठेवता मागे जाण्याचे धोरण घेतले, म्हणजे १८३७ च्या स्थितीकडे घर क्रमाक्रमाने परत नेणे. त्यासाठी पुरावा विलक्षण चांगला होता. सोन यांनी १८३० पासून घराचे वर्णन करणारे पुस्तक तीन वेळा छापले होते, त्यांच्या कार्यालयातील शिष्यांनी खोल्यांची जलरंगातील तपशीलवार चित्रे केली होती, आणि घरात सुमारे ३०,००० वास्तुरेखाचित्रे जपून ठेवलेली होती. कोणती मूर्ती कोणत्या खिळ्यावर होती इथपर्यंत माहिती मिळत होती. पिवळ्या काचा परत आल्या. उतरवलेला स्तंभ २००४ मध्ये अंगणात पुन्हा उभा राहिला. क्रमांक १४, जो कुटुंबाकडे जाऊन विकला गेला होता, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात संग्रहालयाने घेतला, त्यामुळे कार्यालये तेथे हलवून जुन्या खोल्या रिकाम्या करता आल्या. ‘ओपनिंग अप द सोन’ या नावाने चाललेली मोठी मोहीम २०१६ मध्ये पूर्ण झाली. टिव्होलीचा कोनाडा पुन्हा शिल्पांचा झाला. सोन यांच्या शिष्यांचे वरचे चित्रकार्यालय, जे स्तंभांवर उभे आहे आणि भिंतींना न चिकटल्यामुळे त्याच्या कडेने उजेड खाली उतरतो, २०२३ मध्ये दुरुस्त होऊन खुले झाले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथून चालत काही मिनिटांवर आहे, त्यामुळे तेथे शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना हे सारे सहज पाहता येते. प्रवेश अजूनही विनामूल्य आहे.

परत नेण्याच्या या कामाला एक मर्यादा होती, आणि ती दुसऱ्या मजल्यावर सर्वांत स्पष्ट दिसते. तेथील एक खोली एलिझाबेथ यांचे शय्यागृह होती. १८१५ मध्ये त्या गेल्यानंतर सोन यांनी ती जशी होती तशी ठेवली. ज्या घरात काहीही जागच्या जागी राहत नव्हते, त्या घरातली ही एक खोली १९ वर्षे अस्पर्श राहिली. मग १८३४ मध्ये, कायदा झाल्यानंतरच्या वर्षी, सोन यांनी ती मोकळी केली आणि तेथे वास्तूंच्या प्रतिकृतींचे दालन केले. मध्यभागी मोठे चबुतऱ्यासारखे मांडण आणि त्यावर उत्खननात दिसलेल्या पाँपेईची बुचाच्या लाकडातली प्रतिकृती, प्राचीन ग्रीक-रोमन मंदिरांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती, आणि सोन यांच्या स्वतःच्या इमारतींच्या लाकडी प्रतिकृती. आपण गेल्यावर घर गोठणार हे त्यांना ठाऊक होते. त्या हिशेबाने ते शेवटच्या तीन वर्षांत काय राहावे आणि काय जावे हे ठरवत होते, असे म्हणायला या वेळेच्या नोंदीवरून जागा आहे.

पुनर्स्थापना करणाऱ्यांपुढे म्हणून दोन खोल्या होत्या, एकाच चार भिंतींत. एक होती १८३७ ची, कायद्याने संरक्षित. दुसरी होती १८१५ ची, जिला सोन यांनी स्वतःच्या हाताने एकोणीस वर्षे राखले होते. विश्वस्तांनी कायद्याची तारीख मानली. २०१५ मध्ये ती खोली पुन्हा उघडली तेव्हा पाँपेईची प्रतिकृती तिच्या मांडणावर परतली, आणि शेजारच्या, एलिझाबेथ सकाळी बसत त्या खोलीत त्यांच्या आवडीच्या चित्रांना पुन्हा भिंत मिळाली. शय्यागृह मात्र परत आले नाही. तेथे काय होते हे दाखवणारे काही त्या खोलीत आज उभे नाही, कारण ते काढून टाकणारे हात सोन यांचेच होते.